डेनिंगटन इस्टेटचे भुईभाडे ईनॉक प्रॉसरच्या जाकिटात आहे, त्याबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
थडगी व पुरलेले देह विभाग,
लंडन.

अर्जदार : श्रीमती मार्गेड प्रॉसर, वय त्रेसष्ट, राहणार ९, सोआर रो, क्वमहेलिग, दक्षिण वेल्स (२९ सप्टेंबरपर्यंत).

विषय : माझे पती कै. ईनॉक प्रॉसर यांचे थडगे थोडा वेळ उघडून त्यांच्या जाकिटाच्या आतल्या खिशातील पाकीट काढून घेण्यास, व थडगे होते तसे बंद करण्यास, परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा जुलैमधील अर्ज.
२) आपले ऑगस्टमधील उत्तर.
३) डेनिंगटन इस्टेटला मी पाठवलेली पत्रे. त्यांचे उत्तर आले असते तर त्याचाही संदर्भ दिला असता.

महोदय,

१. आपले पत्र मिळाले. त्यात आपण आधी दुःख व्यक्त केले आहे आणि मग नकार दिला आहे. दुःख पोचले. नकाराबाबत हा दुसरा अर्ज सविनय सादर करीत आहे. पहिला अर्ज मी थोडक्यात लिहिला होता, कारण आमच्या सोआर प्रार्थनाघराचे डीकन श्री. लिझन रीस मला म्हणाले होते, "मार्गेड, साहेबलोकांना लांबण लावलेली आवडत नाही." थोडक्यात लिहून पदरात काय पडले ते दिसलेच. सबब या वेळी सगळे लिहीत आहे. आपल्याला ते बसूनच वाचायचे आहे.

२. घर आमचे आहे आणि घराखालची जमीन डेनिंगटन इस्टेटची आहे. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी ती नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्यावर घेतली आणि खाणीतली पाळी संपवून आल्यावर रोज थोडे थोडे करून वर घर बांधले. पट्टा संपायला अजून बराच अवकाश आहे. पट्ट्यात एक कलम आहे, ते माझ्या पतींना पाठ होते व आता मलाही आहे. भुईभाडे वर्षातून दोनदा, २५ मार्च व २९ सप्टेंबर या दिवशी, त्याच जागेवर, पुढच्या दाराशी, सूर्यास्ताच्या आत मालकाच्या माणसाने मागावे व घरवाल्याने हातात द्यावे. मागूनही सूर्यास्तापर्यंत न मिळाल्यास जमीन मालकाकडे परत जाईल. जमिनीवर घर असल्यामुळे घरही तिच्याबरोबर जाईल, हे तिथे वेगळे लिहिलेले नाही. ते वकिलांनी मला तोंडी समजावले.

३. पूर्वी इस्टेटचा एक म्हातारा वसुलीवाला येत असे. तो पायरीवर बूट आपटायचा, पैसे घ्यायचा, पावती फाडायचा, चहा प्यायचा आणि आमच्या हवेला नावे ठेवत निघून जायचा. लढाई संपली त्या वर्षी तो वारला. त्याच्यानंतर इस्टेटीतून कोणी आले नाही. माझ्या पतींनी पत्र लिहून विचारले, की आता भाडे कोणाला द्यायचे. उत्तर नाही. दुसरे लिहिले. उत्तर नाही. मग त्यांनी टपालाने मनीऑर्डर केली, ती परत आली. सोबत चिठ्ठी नव्हती, नुसता शिक्का होता. परसातली भिंत पडायला आली म्हणून लिहिले, त्यालाही उत्तर नाही. भिंत पडली. पडल्याचेही कळवले.

४. माझे पती चाळीस वर्षे कोळशाच्या खाणीत होते व त्यांच्या छातीत खाणीची धूळ बसलेली होती. असा माणूस दर २५ मार्चला आणि दर २९ सप्टेंबरला प्रार्थनेचा काळा सूट घालून, भाड्याचे पाकीट जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवून, जेवण झाल्यापासून सूर्यास्तापर्यंत पुढच्या पायरीवर उभा राहत असे. आमच्या खोऱ्यात सूर्य दुपार कलली की डोंगराआड जातो. पण ते म्हणत, "डोंगराआडचा सूर्य आपला. इस्टेटीचा सूर्य पंचांगातला." म्हणून पंचांगात छापलेली वेळ होईपर्यंत ते अंधारात खोकत उभे राहायचे. मी शाल नेऊन दिली तर घ्यायचे नाहीत, सुटावर शाल बरी दिसत नाही म्हणून.

५. सोआर रोमधल्या, म्हणजे आमच्या घरांच्या ओळीतल्या, लोकांनी त्यांची किती टर उडवली ते सांगत नाही, पण थोडी सांगते. "काय ईनॉक, राणी येतेय का चहाला?" "ईनॉक, लेका, दारात उभं राहायचा पगार मिळतो काय तुला?" शेजारच्या हाना पॅरीचा नवरा तर जाता-येता टोपी काढून त्यांना सलाम ठोकायचा. तोही आता नाही. मी स्वतः एकदा चिडून म्हटले होते, "अहो, खुर्ची तरी घ्या. आठ वर्षांत कुत्रं फिरकलं नाही." ते म्हणाले, "अगं, तो यायचा आणि नेमका मी जागेवर नसायचो. मग?" मला तेव्हा याचे हसू आले होते. हे वाक्य, महोदय, कृपया लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

६. या वर्षी मार्चमधल्या भाड्याच्या दिवसाच्या चार दिवस आधी ते वारले. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला कपाटातले पाकीट मागितले, त्यात साठलेल्या आधीच्या सगळ्या खेपांच्या पैशांत या खेपेचे पैसे घातले, पाकिटावर तारीख लिहिली आणि म्हणाले, "पंचवीस तारखेचा सूट घासून ठेव." एवढेच त्यांचे शेवटचे बोलणे. मी सूट घासून ठेवला. त्यांनी पाकीट कुठे ठेवले ते पाहिले नाही. ते पैसे आमचे नव्हते, म्हणून मी त्या पाकिटाला कधी हात लावत नसे.

७. प्रेत धुवायचे, कपडे चढवायचे हे आमच्या ओळीत हाना पॅरी करते. तिने त्यांना तोच सूट घातला, कारण चांगला सूट एकच होता. दफन पंचवीस तारखेला ठरले. दुसरा दिवस पाद्रींना सोयीचा नव्हता.

८. आमच्याकडे दफनाला बायका जात नाहीत. पुरुष पेटी घेऊन डोंगर चढतात आणि बायका घरी हॅम कापतात. पेटी निघण्याआधी सगळे पुरुष रस्त्यावर, दारासमोर, उभे राहून स्तोत्र म्हणतात. त्या दिवशी सत्तर-ऐंशी तरी होते. पायरीवर अगदी दाराला लागून एक अनोळखी गृहस्थ उभे होते. काळा कोट, काळा टाय, हातात टोपी. इतका रीतीचा पोशाख की मला वाटले ईनॉकच्या लानेथ्लीकडच्या चुलत घराण्यातले कोणी असावेत. हानाला वाटले दफनाचा खर्च उचलणाऱ्या क्लबातून आलेत. डीकनांना वाटले आमच्या माहेरचे. स्तोत्र ऐन भरात आले तेव्हा त्यांनी दाराकडे तोंड करून काहीतरी म्हटले. आम्ही वेल्शमध्ये गात होतो आणि ते इंग्रजीत बोलत होते. मला वाटले, बिचारे प्रार्थना करतायत. मी त्यांच्याकडे पाहून मान लववली.

९. मग पेटी उचलली. आमचे दार अरुंद आहे आणि ते आपोआप मिटते. त्या गृहस्थांनी पुढे होऊन दार धरले, टोपी छातीशी घेतली, आणि माझे पती त्यांच्या अगदी जवळून, कोटाला कोट लागेल इतक्या जवळून, बाहेर गेले. हाना माझ्या कानात म्हणाली, "किती भला माणूस गं." मीही हो म्हटले.

१०. पुरुष डोंगर चढून गेले. हे गृहस्थ गेले नाहीत. बायकांत एकटेच बसून राहिले. आम्हाला वाटले गुडघे दुखत असतील, म्हणून पाय ठेवायला स्टूल दिले. हॅम दिले. त्यांनी खाल्ले. पुन्हा दिले, पुन्हा खाल्ले. बारा ब्रीथ, म्हणजे आमचा मनुकांचा पाव, लोणी लावून दिला. तो आवडल्याचे त्यांनी बोलून दाखवले. सूर्य डोंगराआड गेला, दिवे लागले, पुरुष परत आले, निम्मी मंडळी घरी गेली, तरी हे आपले घड्याळ बघत बसलेले. हाना म्हणाली, "बस चुकली वाटतं ह्यांची." त्या दिवशी माझे डोके ठिकाणावर असते तर मी ओळखले असते. पंचांगातला सूर्य मावळेपर्यंत थांबणारा या खोऱ्यात एकच माणूस होता, आणि त्याला पुरुष नुकतेच वर ठेवून आले होते. वेळ झाल्यावर ते उठले, माझा हात हातात घेतला, "धीर धरा बाई" म्हणाले आणि गेले. मी त्यांना वाटेत खायला म्हणून कागदात थोडे हॅम बांधून दिले.

११. हे श्री. पिकर्सगिल, डेनिंगटन इस्टेटचे कारकून. हे मला मे महिन्यात कळले, कोर्टाचा कागद आला तेव्हा. त्यासोबत त्यांचे प्रतिज्ञापत्र होते. त्यातला उतारा जसाच्या तसा देत आहे : "सदर दिवशी मी घराच्या पुढच्या दाराशी हजर राहून, सूर्यास्तापूर्वी, स्पष्ट आवाजात थकीत भुईभाड्याची मागणी केली. उपस्थितांपैकी कोणीही प्रतिसाद दिला नाही. ते गात होते. त्यानंतर मी सूर्यास्तापर्यंत जागेवर थांबलो. त्या अवधीत मला अन्न देण्यात आले, भाडे देण्यात आले नाही." प्रतिज्ञापत्राला स्थानिक वर्तमानपत्रातील आमच्या दफनाच्या जाहिरातीचे कात्रण टाचलेले होते. त्या दिवशी घरी माणसे असतील याची खात्री करून घेतल्याचा तो पुरावा. ती जाहिरात मी पैसे भरून दिलेली आहे.

१२. कागद वाचून मी पहिल्यांदा काय केले असेल तर कपाट उघडले. पाकीट नव्हते. सगळे घर पालथे घातले. पाकीट नव्हते. मी हानाकडे गेले. ती कणीक मळत होती, ती तशीच थांबली. म्हणाली, "अगं बाई. छातीवर जाड काहीतरी लागलं होतं मला. सेफ्टी पिनेनं खिसा बंद केलेला. मी म्हटलं, नवा करार असेल. आमच्या ह्यांच्याही खिशात तोच ठेवून पुरलं ना. मी कशाला काढू देवाचं पुस्तक?" तिला मी काय बोलणार? आमच्या ओळीतल्या कोणत्याही म्हाताऱ्याच्या छातीवर जाड काही लागले तर ते नवा करारच असतो. भुईभाडे उराशी घेऊन मरणारा एकच निघाला.

१३. जुलैमध्ये कोर्टात उभी राहिले. इस्टेटीचे वकील म्हणाले, मयत ईनॉक प्रॉसर हा वर्षानुवर्षे भाडे बुडवणारा इसम होता. मी उठून म्हटले, बुडवणारा माणूस सूट घालून दारात उभा राहत नाही. वकील म्हणाले, "दारात कुणीही उभं राहतं, बाई. खिशात काही होतं का?" होते, म्हटले. पाकीट होते, त्यावर दर खेपेची तारीख त्यांच्या हाताने घातलेली होती, शेवटची पंचवीस मार्चची. न्यायाधीश चांगले होते. ते म्हणाले, "असं पाकीट मला दाखवा. भाडं त्या दिवशी, त्या जागी, तयार होतं असं मी धरीन आणि दावा काढून टाकीन. कुठे आहे ते?" मी म्हटले, "वर आहे, साहेब." "वर म्हणजे माळ्यावर?" "सोआरच्या मागे, साहेब. सहा फूट खाली." कोर्टात माणसे हसली. श्री. पिकर्सगिल हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करते. न्यायाधीशांनी पाकीट हजर करायला २९ सप्टेंबरपर्यंत मुदत दिली आहे. ते हजर झाले नाही तर त्या दिवशी सूर्यास्ताला घर इस्टेटीचे.

१४. न्यायाधीशांनी श्री. पिकर्सगिल यांना एक प्रश्न केला. चार तास तुम्ही त्या घरात बसलात, विधवेला एका शब्दाने का सांगितले नाही? श्री. पिकर्सगिल म्हणाले, "मागणी दाराशी करायची असते, विधवेकडे नव्हे. शिवाय दुःखाच्या प्रसंगी पैशाचा विषय काढणं मला प्रशस्त वाटलं नाही." आठ वर्षे इस्टेट का आली नाही, या प्रश्नाला वकिलांनी उत्तर दिले. आमचे घर वळणावर आहे. घर असेपर्यंत कोळशाच्या ट्रकांना वर जाता येत नाही, आणि इस्टेटीने ती वाट भाड्याने द्यायचे कबूल केले आहे. म्हणजे भाडे थकावे म्हणूनच कोणी येत नव्हते, आणि आमची पत्रे मात्र पोचत होती. ती उघडून, वाचून, नीट लावून ठेवलेली होती. वकिलांनी ती पुराव्यात हजरही केली. पडलेल्या भिंतीचे पत्रसुद्धा त्यात होते.

१५. कोर्टाबाहेर जिन्यात श्री. पिकर्सगिल मला भेटले. टोपी काढली. मला वाटले आता माफी मागतील. ते म्हणाले, "बाई, ते हॅम फार उत्तम होतं. आमच्या मिसेसना कागदातलं दिलं, त्याही विचारत होत्या कसं उकडता." महोदय, मी सांगितले. लवंगा टोचायच्या आणि सायडरमध्ये मंद आचेवर ठेवायचे. इतकी वर्षे कोणी विचारले की सांगायची सवय, तीच तोंडाला आली. घरी येऊन मग रडले.

१६. आता आपल्या नकाराकडे वळते. आपण लिहिता, की ज्या जमिनीत देह पुरला आहे त्या जमिनीच्या मालकाची लेखी संमती जोडल्याशिवाय थडगे उघडण्याचा परवाना देता येत नाही. मी ते पत्र घेऊन डीकन श्री. रीस यांच्याकडे गेले. मला वाटले दफनभूमी प्रार्थनाघराची, म्हणजे ते सही करतील आणि आपण एका दिवसात मोकळे. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "मार्गेड, वरच्या भिंती आपल्या, बाकं आपली, वाद्य आपलं. खालची माती डेनिंगटनची. आपणही पट्ट्यावरच आहोत." मी म्हटले, मग मेलेली माणसं? ते म्हणाले, "ती त्यांच्याच मातीत आहेत."

१७. तेव्हा मी डेनिंगटन इस्टेटला पत्र लिहिले, की तुमचे भाडे ज्या माणसाच्या खिशात आहे त्याला दोन तास वर काढायला संमती द्या. उत्तर नाही. दुसरे लिहिले, रजिस्टर करून. उत्तर नाही. स्वतः त्यांच्या कचेरीत गेले, दोन बस बदलून. खिडकीतली मुलगी म्हणाली, "लेखी द्या, बाई. तोंडी आम्ही घेत नाही." मी म्हटले लेखी दिलेले आहे. ती म्हणाली, "मग उत्तर येईल." आत श्री. पिकर्सगिल लिहीत बसलेले दिसले. त्यांनी मला मानेने ओळख दिली.

१८. मी डीकनांना म्हटले, या इस्टेटला एकच भाषा कळते. प्रार्थनाघराचे भाडे थकवा, म्हणजे कोणीतरी येईल, आला की संमतीपत्र त्याच्या पुढ्यात धरते. डीकन म्हणाले, "आणि त्यांनी प्रार्थनाघरच घेतलं तर? तीनशे माणसं पुरलेली आहेत गं वर. त्यांना कुठे नेऊ?" त्यांचेही खोटे नव्हते. ज्यांच्या जिवावर आम्ही इस्टेटीशी भांडणार ते सगळे इस्टेटीच्या ताब्यात आहेत.

१९. हाना पॅरीने एक तोड काढली होती, तीही आपल्यापासून लपवत नाही. ती एक जुने पाकीट घेऊन आली. "ईनॉकचं अक्षर मला येतं. आमच्या ह्यांच्या पेन्शनचे अर्ज तेच भरायचे. तारखा मी घालते, पैसे ओळीतनं गोळा करू, दे कोर्टात फेकून. कोण बघतंय खाली जाऊन?" पैसे खरोखर गोळा झाले होते. ज्यांनी टर उडवली त्यांनीच दिले. मी परत केले. हाना माझ्यावर अजून चिडून आहे, म्हणते, "तुझ्या ताठ्यापायी रस्त्यावर येशील." येईनही. पण त्या माणसाने प्रत्येक खेपेला खरे पैसे खऱ्या पाकिटात ठेवले आणि लोकांची थट्टा सोसून खोकत उभा राहिला. त्याच्या नावाने खोटे पाकीट दाखवले म्हणजे इस्टेटीचा वकील म्हणाला तेच खरे, की दारात कुणीही उभे राहते. घर वाचवण्यासाठी मी त्याला लबाड ठरवणार नाही. मला राग येतो तो याच गोष्टीचा, महोदय, की सगळ्यांनी कायद्याप्रमाणे केले आणि सर्वांत जास्त कायद्याप्रमाणे त्याने केले.

२०. आपल्या छापील फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे : "थडगे उघडण्याबाबत मयताची हयातीतील इच्छा काय होती?" पहिल्या अर्जात तो रकाना मी रिकामा सोडला होता. आता भरते. मयताची हयातीतील इच्छा अशी होती, की इस्टेटीचा माणूस येईल तेव्हा आपण जागेवर असावे. तो आला तेव्हा ते जागेवर होते. सूट घातलेला होता, पाकीट खिशात होते, सूर्य मावळलेला नव्हता. पट्ट्यात लिहिलेले सगळे त्यांनी पाळले. हात पुढे करणे तेवढे राहिले.

२१. सबब विनंती अशी :

(अ) मालकाच्या संमतीची अट माफ करून, अथवा ती आपण स्वतः मागवून घेऊन (आपल्याला कदाचित उत्तर देतील), २९ सप्टेंबरच्या आत थडगे उघडण्याचा परवाना द्यावा. खणायला ओळीतले चार खाणकामगार फुकट तयार आहेत. ते आयुष्यभर माणसांच्या वरची माती सांभाळून काढत आले आहेत, त्यामुळे देहाला धक्का लागणार नाही. फक्त खिशाची पिन काढून पाकीट घेईन. पिन मी पुन्हा लावीन.

(आ) हे नियमात बसत नसेल, तर निदान डेनिंगटन इस्टेटला आपल्या सहीशिक्क्याने खालील गोष्ट कळवावी. त्यांचे सर्व भुईभाडे, शेवटच्या खेपेसह, ठरलेल्या दिवशी, सूर्यास्ताच्या आत, आमच्या पुढच्या दारातून बाहेर पडले. त्या वेळी दार त्यांच्याच माणसाने धरले होते. सहा माणसांनी ते खांद्यावरून डोंगरावर नेले आणि इस्टेटीच्या स्वतःच्या जमिनीत ठेवले. तेव्हापासून ते त्यांच्या ताब्यात आहे, आणि त्यांच्या लेखी परवानगीवाचून ते कोणालाही, मलासुद्धा, काढून घेता येत नाही, असे आपलेच पत्र सांगते. ज्याच्या ताब्यात पैसे आले त्याने पावती द्यायची असते. जुना वसुलीवाला कितीही कुरकुरला तरी पावती फाडल्याशिवाय चहाला हात लावत नसे. श्री. पिकर्सगिल यांचे तर हॅमही झालेले आहे. तरी पावती देण्यास सांगावे. ती ईनॉक प्रॉसर यांच्या नावे असावी.

एवढे झाले तर मी आपल्याला पुन्हा त्रास देणार नाही. न झाले तर २९ तारखेला जेवण झाल्यावर मी पुढच्या पायरीवर उभी राहणार आहे. खिशात काही नसेल. पण कोणी आले आणि दारात माणूस नव्हता, असे पुन्हा लिहायला त्यांना जागा ठेवणार नाही.

आपली, अजून तरी नम्र,
मार्गेड प्रॉसर
ईनॉक प्रॉसर यांची पत्नी

क्वमहेलिग,
१६ सप्टेंबर १९५४

सोबत :
१) पट्ट्यातील कलमाची नक्कल.
२) श्री. पिकर्सगिल यांच्या प्रतिज्ञापत्राची नक्कल, दफनाच्या जाहिरातीच्या कात्रणासह.
३) जुन्या वसुलीवाल्याने दिलेली शेवटची पावती. पावती कशी असते ते इस्टेटीला दाखवण्यासाठी.
४) उत्तरासाठी तिकीट लावलेले पाकीट. त्यावर माझे नाव लिहिले आहे, पत्ता लिहिलेला नाही. तो आपण उत्तर कधी देता त्यावर अवलंबून आहे. २९ तारखेच्या आत दिलेत तर ९, सोआर रो असे लिहावे. नंतर दिलेत तर सोआर प्रार्थनाघराची दफनभूमी असे लिहून ईनॉककडे पाठवावे. त्यांना तिथून कोणी उठवू शकत नाही, हे आपण लेखी दिलेले आहे.